टाचेखाली दोन बोटं

दगड फार तापला नाही ना, हे मोक केल्सोमने नेहमीसारखं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं. मग तो बारतोंडीच्या पानांत आणि दुपदरी कापडात गुंडाळून तिने बुदूच्या कमरेवर ठेवला आणि मनात आकडे मोजायला लागली. सातापर्यंत गेली. बुदू हलला नाही.

तिने दगड मांड्यांवरून खाली, टाचांकडे सरकवला. दहा. बारा. बोका डोळे अर्धे मिटून पडून राहिला.

हे बरं लक्षण नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी, पहिल्याच शेकाला, याच बोक्याने तिच्या हातावर तीन रेघा ओढल्या होत्या. त्या अजून पुसट दिसत होत्या. तिने दगड उचलला, केस फुंकरीने बाजूला करून कातडी पाहिली. गुलाबी होती. फोड नव्हता. तरी तिने दगड परत ठेवला नाही. न हलणारा पाय तिने याआधी एकदा पाहिला होता.

तुम्पातच्या खाडीकाठच्या चार-पाच गावांत बाळंतिणीला मालिश, शेक आणि पोटाला पट्टा बांधणं हे केल्सोमचं काम. गेली अडतीस वर्षं. चव्वेचाळीस दिवस बाळंतीण तिच्या हाताखाली असे; त्या दिवसांत तिने काय खायचं, कशावर झोपायचं, सासूशी किती बोलायचं, सगळं केल्सोम ठरवी. मोक, म्हणजे आई, असं तिला सगळेच म्हणत. मुरगळलेले पाय, अवघडलेल्या माना, फुटबॉल खेळताना सरकलेली हाडं, हीसुद्धा तिच्याकडेच येत. आलेला पाय ती दोन्ही हातांत धरून थोडा वेळ नुसती बसे आणि मग म्हणे, "येईल." बहुतेकदा येई. न येणारे पाय लोक विसरत. ती विसरत नसे.

बुदू तिच्याकडे आला तेव्हा मुठीएवढा होता, माशाच्या काळपट चटणीच्या रंगाचा; म्हणून नावही त्या चटणीचंच. नऊ वर्षांत तो चांगला फुगला. घर खांबांवर, वर जायला सात लाकडी पायऱ्या. बुदू त्या तीन उड्यांत चढायचा. पावसाळा संपता संपता एक दिवस तो पाचव्या पायरीवरून घसरला. मग त्याची चाल बदलली. मांजर बोटांवर चालतं; बुदू मागच्या पायांची टाच टेकवून चालायला लागला, सशासारखा. फळ्यांच्या जमिनीवर त्याची चाल ऐकू यायला लागली. थप, थप. मांजराची चाल ऐकू येते हेच केल्सोमला कसंतरी वाटायचं.

वात धरला असेल, कमरेत लचक भरली असेल, असं म्हणून तिने त्याला आपल्या हाताखाली घेतलं. चव्वेचाळीस दिवस. आलं आणि गवती चहा घालून कढवलेलं खोबरेल, सकाळी शेक, संध्याकाळी मालिश.

"मोक, याला बाळ काय झालं, मुलगा की मुलगी?" पायरीशी तेल न्यायला आलेल्या बायका विचारायच्या.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा गुणी आहे. निदान पडून तरी राहतो," ती म्हणायची.

आज बेचाळिसावा दिवस होता आणि तो फारच पडून राहिला होता.

नवरा देरामान असाच पडून राहायचा. साखरेचा आजार त्याला जुना. पावलं बधिर झाली तेव्हा तो म्हणाला, "सोम, तुझ्या हाताने शेक दे, गाठ सुटेल." ती रोज शेक द्यायची. "लागतंय का?" तो म्हणायचा, "नाही, अजून ठेव. छान वाटतंय." वाटत काहीच नव्हतं, छान वाटतंय हे तो तिच्यासाठी म्हणायचा. एका सकाळी टाचेवर नाण्याएवढा फोड आला. फोडाची जखम झाली, जखम काळी पडली, आणि पाय घोट्याच्या वरून गेला. वर्षभराने तोही गेला. इस्पितळात विचारलं तेव्हा देरामान म्हणाला होता, चप्पल चावली. केल्सोम शेजारी उभी होती. तिने काही सांगितलं नाही. सहा वर्षं झाली होती, कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती दगड बाजूला ठेवून खाली उतरली. बुदू हल्ली पायरीशेजारच्या पाय धुवायच्या रांजणातून पाणी प्यायचा, कितीतरी वेळ, मान खाली घालून. घराखालच्या वाळूत त्याची मुतायची जागा ठरलेली होती. केल्सोम वाकून तिथे बघत राहिली. वाळूचा ओला गोळा झाला होता आणि त्यावर मुंग्यांची जाड रांग लागली होती. देरामानच्या मोरीत लागायची तशीच.

"लेह!" तिने शेजारच्या घराकडे हाक मारली. "गाडी काढ."

पोक लेह, म्हणजे लेहकाका, हा देरामानचा धाकटा भाऊ. पूर्वी खाडीवर होडी चालवायचा, आता मोटरसायकलला बाजूची गाडी जोडून नारळ वाहायचा. बायको गेल्यापासून त्याचं कालवण केल्सोमच्या चुलीवरून जायचं. तो तिला काक म्हणायचा, थोरली बहीण मानून.

"काक, आता मांजराला घेऊन मिरवणूक काढायची का?"

"तुला बसवून काढली नाही एवढं नशीब समज. चल."

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर वन्ना पलीकडच्या सयामी गावातली. तिने बुदूच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं, आणि आकडा सांगायच्या आधी केल्सोमकडे बघितलं.

"मोक, मला ओळखलंत? माझ्या वेळी माझ्या आईला तुम्हीच चव्वेचाळीस दिवस—"

"तू पायाळू होतीस," केल्सोम म्हणाली. "याचं सांग."

"साखर आहे. खूप आहे. साखरेने मागच्या पायांच्या नसा सुकवल्यात. लचक नाही, वात नाही."

"म्हणजे मालिशने—"

"मालिशने नुकसान नाही, पण फायदाही नाही. शेक मात्र बंद. त्याला कळणार नाही आणि भाजेल."

केल्सोम टेबलाची कड धरून उभी होती. "गेलेले पाय येतात?"

"मांजरांचे बरेचदा येतात. साखर खाली आली, खाली राहिली, तर. दोन महिने, चार महिने. नस मेलेली नाही मोक, आजारी आहे."

"आणि माणसांचे?"

वन्नाने यंत्र बंद केलं. "माणसांचं अवघड असतं," ती म्हणाली. तिला देरामान आठवत होता की नव्हता, कळायला मार्ग नव्हता.

परतताना केल्सोमच्या मांडीवर झाकणाची वेताची टोपली होती. तिला एकच गोष्ट हवी होती, ती तिने लेहलाही सांगितली नाही: साखरेने नेलेला पाय परत येताना एकदा बघायचा होता.

वन्नाने दिलेलं साखरेचं इंजेक्शन तिला नवं नव्हतं. बाटली फ्रिजच्या दारात, चटणीच्या बाटलीशेजारी. सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. बाटली हलवायची नाही, तळहातांत फिरवायची. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची. बुदूला ते कळायचंही नाही. गोळी एक, पायांच्या नसांसाठी, माशाच्या तुकड्यात दडवून. खाणं बदललं: भात बंद, दुधाचा चहा बशीत ओतणं बंद, नारळाच्या वड्या बंद. हे गावाला सांगणं सगळ्यांत कठीण होतं, कारण बुदू सात घरी जेवायचा आणि मांजर दाराशी आलं की त्याला विन्मुख पाठवायचं नाही, हे इथे लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. केल्सोम घरोघर गेली. "त्याला काही दिलंत तर पुढच्या बाळंतपणाला मी येणार नाही," म्हणाली. तिघी पोटुशी होत्या. तिघींनी लगेच मान्य केलं.

मग चाल. वन्ना म्हणाली होती, पाय वापरायला लावा. केल्सोमने बाळंतिणीच्या पोटाला बांधायचा लांब पट्टा काढला, तो बुदूच्या पोटाखालून घेतला आणि दोन्ही टोकं वर धरून त्याला चालवायला लागली. उचलायचं नाही, नुसतं तोलायचं. हे तिच्या हातांना सांगावं लागलं नाही. फळ्यांवर घसरायचा म्हणून वेताच्या चटया टाकल्या. चटईवर हातभर अंतराने झाडूच्या काठ्या आडव्या ठेवल्या, त्या ओलांडायला पाय उचलावा लागायचा. सकाळी दहा फेऱ्या, दुपारी दहा. पहिले आठ दिवस त्याने एकही काठी ओलांडली नाही, सगळ्या फरफटत नेल्या. दर शुक्रवारी ती त्याला उभा करून टाचेखाली बोट घालून बघायची. बोट जात नव्हतं.

पंधरा दिवसांनी साखर तेवढीच. आणखी पंधरा दिवसांनी किंचित जास्त.

"कुणीतरी गोड खायला घालतंय, मोक," वन्ना म्हणाली.

परतीच्या वाटेवरच केल्सोमने ठरवलं कोण ते. लेहच्या शर्टाच्या खिशात नेहमी बिस्किटं. लेहच्या ओट्यावर नेहमी दुधाच्या चहाचा ग्लास, तळाशी बोटभर साखर. गाडीतून उतरल्या उतरल्या, पाणवठ्यावर बायका असताना, ती बोलली.

"लेह, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझ्या ओट्यावर असतो तो. काय घालतोस?"

"काही नाही."

"चहा?"

"काक, तू सांगितलंस त्या दिवसापासून मी ग्लासही झाकून ठेवतो."

"भावाला पण असाच चोरून पेढे खायला घालायचास. तो गेला, आता याला."

बायका बादल्या घेऊन थांबल्या. लेहने खिशातला बिस्किटाचा पुडा काढला, तो तिच्या पायरीवर ठेवला आणि घरात गेला. संध्याकाळी तिने पाठवलेला मासा डबा न उघडता परत आला. दुसऱ्या दिवशीही परत आला. पंधरा दिवस त्याची गाडी तिच्या दारात थांबली नाही. पुढच्या तपासणीला ती टोपली मांडीवर घेऊन बसने गेली, एका तासाच्या वाटेला अडीच तास लागले.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तिने डॉक्टरणीसाठी सकाळचं सिंगांग घेतलं होतं, चिंचेसारख्या आंबट रश्शात उकडलेला बांगडा. त्याच भांड्यातला, ज्यातला बुदूला देऊन सुई टोचली होती. साखर मोजली. तेवढीच. वन्ना वैतागली, मग डबा उघडून तिथेच उभ्याने दोन घास खाल्ले.

"मोक, तुमच्या हाताला तोड नाही. हेच देता ना त्याला? भात नाही, तेल नाही, नुसता मासा. हेच बरोबर."

कोपऱ्यात औषधं देणारे सुब्रा रजिस्टर लिहीत होते. पन्नाशी उलटलेले, मूळचे दूरच्या इपो शहरातले, बदली होऊन इकडे आलेले आणि इकडच्या जेवणाबद्दल तोंड वाकडं करण्यात चार वर्षं घालवलेले. वन्नाने डबा पुढे केला. त्यांनी चमचाभर रस्सा तोंडात घेतला आणि चमचा तसाच धरून ठेवला.

"हा मासा आहे की खीर?"

"आंबट आहे," केल्सोम म्हणाली.

"आंबट आहेच. पण किती गोड आहे! बाई, यात काय घालता?"

"काय घालणार? मीठ, मिरची, लसूण, आंबट फळाची सुकी फोड." ती आठवत होती. "ताडगूळ."

"किती?"

"नेहमीचा. मूठभर."

वन्ना चमचा चाटता चाटता थांबली. तिचे कान लाल झाले. "मला कळलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी पण मूठभरच घालतात."

"तुम्हा लोकांना कधी कळणार?" सुब्रा रजिस्टरकडे वळले. "मांजराला बिचाऱ्याला जीभ आहे पण वाचा नाही."

बसमध्ये केल्सोम खिडकीपाशी बसली होती. मूठ. तिने स्वतःची मूठ उघडून बघितली. देरामानला साखरेचं पथ्य होतं तेव्हा तिने त्याचा चहा बंद केला होता, पेढे बंद केले होते, लेहच्या खिशांवर नजर ठेवली होती. आणि रोज दुपारी याच मुठीने. गोड म्हणजे गोड पदार्थ. माशातलं गोड हे गोड नव्हतं, ती चव होती. माणूस श्वास घेतो ते मोजतो का? तिने मूठ मिटली, टोपलीच्या झाकणावर ठेवली आणि उतरायचा थांबा येईपर्यंत तशीच ठेवली.

संध्याकाळी ती स्वतः डबा घेऊन लेहच्या ओट्यावर गेली.

"परत नेऊ नकोस," ती म्हणाली. "हा तुझा. बुदूचा आता वेगळा."

लेहने डब्याकडे बघितलं नाही. "चोर सापडला वाटतं."

"सापडला."

"कोण?"

"मूठभर ताडगूळ घालणारी."

लेहने तिच्या हाताकडे बघितलं. मग डबा जवळ ओढला, बोट बुडवून चाखलं. "हे गोड आहे?" त्याने खरोखर विचारलं.

"सुब्रा म्हणतात खीर आहे."

"सुब्राला काय कळतं," लेह म्हणाला आणि जेवायला बसला. माफीचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही. पुढच्या तपासणीच्या सकाळी गाडी तिच्या दारात आपोआप उभी होती.

नुसत्या पाण्यात उकडलेला मासा बुदूने पहिल्या सकाळी हुंगला आणि त्यावर पंजाने वाळू ओढल्यासारखं केलं. खाल्लं नाही, म्हणून सुई नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी केल्सोमने मासा निखाऱ्यावर भाजला, काटे काढले आणि थाळीपाशी बसून त्यातला अर्धा स्वतः खाल्ला. बेचव होता. ती चावत राहिली. बुदू तिच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने उरलेला अर्धा खाल्ला, उपकार केल्यासारखा.

साखर उतरायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच. वन्नाने सुईतल्या औषधाची खूण खाली आणली. पाय मात्र उतरणाऱ्या साखरेच्या मागे फार रेंगाळत आले. तीन शुक्रवार टाचेखाली बोट गेलं नाही. चौथ्या शुक्रवारी नख गेलं. तिने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही फारसं नाही. सातव्या शुक्रवारी एक बोट आडवं गेलं. काठ्या आता फरफटत नव्हत्या. पहिल्या दोन तो ओलांडायचा, तिसरीवर बसून राहायचा आणि शेपूट आपटायचा. पट्टा तिने सैल केला, मग नुसता अंगावर ठेवला, मग घडी करून फडताळात टाकला. दहाव्या शुक्रवारी उजव्या टाचेखाली दोन बोटं गेली, डाव्या टाचेखाली दीड. डावी तिथेच थांबली. वन्ना म्हणाली, डावी कदाचित एवढीच राहील.

पायऱ्या तो अजून चढत नव्हता. खालच्या पायरीवर पुढचे पंजे ठेवायचा, वर बघायचा आणि उतरायचा. केल्सोम त्याला उचलून नेई.

त्या सुमारास मशिदीजवळचे हाजी दौद आले. वरच्या पडवीत बसले, धोतरासारखं गुंडाळलेलं लुंगीचं टोक सावरून पाय पुढे केले. "मोक, पावलं जड झालीत. खाली चटई आहे की फरशी, कळत नाही. तुमचा दगड लावा."

दगड पडवीतल्या चुलीच्या कडेला होताच. सकाळीच एका बाळंतिणीला शेक देऊन झाला होता. लेह वरच्या पायरीवर नारळ सोलत बसला होता, खालून तिसऱ्या पायरीपर्यंत नारळाचं सोडण पसरलं होतं. केल्सोमने तेलाच्या हाताने हाजींचा पाय धरला आणि थोडा वेळ नुसती बसली. लोक या वेळी तिच्या तोंडाकडे बघत असत.

"डोळे मिटा."

कोंबडीचं पीस पडवीतच पडलं होतं. तिने ते अंगठ्यावरून फिरवलं, मग तळव्यावरून, मग टाचेवरून जरा दाबून.

"केव्हा लावताय?" हाजी डोळे मिटून म्हणाले.

तिने पीस खाली ठेवलं. "दगड नाही लावणार. साखर तपासून घ्या, उद्याच. पायात चप्पल घातल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही. आणि घरी सांगा, माशात ताडगूळ नको."

"माशात? मग मासा खायचा कसा?" हाजींनी डोळे उघडले. "अहो, दगड का नाही? देरामानला तर तुम्ही रोज शेकायचात. मी स्वतः बघितलंय."

"रोज शेकायची," केल्सोम म्हणाली. "म्हणूनच. त्याला चप्पल चावली नव्हती हाजी. मी भाजला होता त्याला. त्याला कळत नव्हतं आणि मलाही कळलं नाही."

नारळ सोलायचा आवाज थांबला. हाजींनी पाय हळूच मागे घेतला, लुंगी घोट्यावर ओढली. केल्सोम लेहकडे बघत नव्हती. तिच्या तळहातांवरचं तेल उन्हात चमकत होतं, ती त्याकडे बघत होती.

"बोलायचं नाही म्हणून तो तुझ्या नावाची शपथ घालून गेला मला," लेह शेवटी म्हणाला, नारळाकडे बघत. मग थांबला. "जाऊ दे. तो चप्पलच म्हणाला होता. आपणही चप्पलच म्हणू."

"नाही," केल्सोम म्हणाली. "आता नाही."

लेहने मान हलवली. होकार होता की नुसती हलली, ते दिसलं नाही. त्याने कोयता पुन्हा उचलला आणि मग तसाच हातात धरून ठेवला. "काक," तो म्हणाला, "मागे बघ."

तिच्या मागे, पडवीच्या उंबऱ्यावर, बुदू बसला होता. मिशांना सोडणाचा तंतू चिकटला होता. डावा पाय जरा बाहेरच्या बाजूला टाकलेला.

"तू उचलून आणलास?"

"माझ्या हातात कोयता आहे."

"मग कधी आला?"

"माझ्या अंगावरून गेला आत्ता. तुला ऐकू नाही आलं?"

नव्हतं आलं. तिने काहीच ऐकलं नव्हतं. बुदू उठला, फळ्यांवरून चालत तिच्याकडे यायला लागला, आणि तिने श्वास रोखून कान दिला. दर दुसऱ्या पावलाला डावी टाच किंचित टेकत होती, बस्स. मग तो चुलीपाशी गेला, दगड हुंगला आणि त्याला वळसा घालून पुढे निघून गेला.

केल्सोम उठली, हात पुसले आणि दगड हाजींच्या समोरून उचलून आत नेऊन ठेवला, बाळंतिणीच्या सामानात.